चिठ्ठीवरचा 'न्यूरो'

औसा तालुक्यातले एक शेतकरी माझे जुने पेशंट. वय साठीच्या पुढे, साखरेचा आजार बारा वर्षांपासून. तळपायांची आग होते, आणि चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी तपासले, चिठ्ठीवर 'डायबेटिक न्यूरोपथी' असे लिहिले आणि न्यूरो फिजिशियनला दाखवायला सांगितले. पुढे आठ महिने त्यांचा पत्ता नाही. आले ते तळपायाला जखम घेऊन. बाभळीचा काटा मोडला होता, यांना दुखलेच नाही. शेवटी एक बोट काढावे लागले.

चिठ्ठीचे काय झाले, असे विचारले तर मुलगा खाली मान घालून म्हणाला, "डाक्टर साहेब, न्यूरो म्हणजे येड्याचा डाक्टर म्हणले सगळे. बहिणीचं जमवायचं चालू हुतं. चिठ्ठी ट्रंकेत ठेवली."

चूक त्याची एकट्याची नाही. मी शब्द लिहिला, पण समजावून सांगितला नाही. म्हणून आज हा शब्दच घेऊ.

'न्यूरॉन' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा जुना अर्थ शिरा-दोरी, धनुष्याची प्रत्यंचा. आपला संस्कृत 'स्नायू' हा त्याचाच भाऊबंद, दोघांचे मूळ एकच, असे भाषातज्ज्ञ मानतात. स्नायूची दोरी वेगळी आणि संवेदना वाहणारा मज्जातंतू वेगळा, हे प्राचीन लोकांना माहीत नव्हते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरोफिलस नावाच्या वैद्याने शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले. आपल्याकडे मात्र अजून सगळी 'नस'च. पोटरीत गोळा आला की नसेवर नस चढली, पायावर निळ्या रक्तवाहिन्या दिसल्या की नस फुगली, कंबर धरली की नस दबली! यातला मज्जातंतूशी संबंध आला तर फक्त तिसऱ्याचा, आणि तोही दर वेळी नाही.

आता शेपटाकडे बघा. 'आयटिस' म्हणजे दाह. न्यूरायटिस म्हणजे मज्जातंतूचा दाह. कुष्ठरोगात कोपरामागचा मज्जातंतू जाड होऊन दुखतो तो हाच. वेळेवर उपचार झाले नाहीत तर करंगळी आणि शेजारचे बोट वाकडे होते. 'अल्जिया' म्हणजे वेदना. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने ठणकते, तो न्यूराल्जिया. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येणे हाही त्यातलाच प्रकार. अशा कळेपायी चांगले दात उपटून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. 'पथी' म्हणजे विकार. साखर, दारू, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, यांनी मज्जातंतू झिजतात ती न्यूरोपथी. (मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, डॉक्टरांना विचारून तपासून घ्यावे.) विदर्भातल्या लाखोळी डाळीवरच महिनोन्‌महिने पोट भरले तर पाय ताठरतात, त्याला न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. न्यूरोबिऑनची गोळी तर घरोघर आहे, ती घेणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही.

मग वेडाची शंका आली कुठून? 'न्यूरोसिस' या शब्दातून. स्कॉटलंडच्या विल्यम कलेन यांनी १७६९ मध्ये तो रूढ केला. मनाचे त्रास मज्जातंतूंच्या बिघाडाने होतात अशी तेव्हा समजूत होती. पुढे तो चिंता, भीती अशा त्रासांना चिकटला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्ये आपल्या वर्गीकरणातून तो जवळजवळ काढून टाकला, पण लोकांच्या बोलण्यातून तो गेला नाही. त्यात बंगळूरच्या निम्हान्सच्या नावातच मानसिक आरोग्य आणि न्यूरो हे दोन्ही एकत्र. तिथे जाऊन आला म्हटले की गाव एकच अर्थ काढते.

तेव्हा लक्षात ठेवा : न्यूरो फिजिशियन मेंदू, मणका आणि मज्जातंतू औषधाने बघतो, न्यूरोसर्जन त्यांचेच ऑपरेशन करतो. मनाच्या आजाराचा डॉक्टर सायकिॲट्रिस्ट. त्याच्याकडे जाण्यातही लाज कसली, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आमच्या गल्लीत नीटची तयारी करणारी पोरे खोल्या करून राहतात. त्यांच्यासाठी एक गंमत : रक्तवाहिनीला फुगा येतो तो 'ॲन्युरिझम', त्यात 'न्यूरो' नाही. तो दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून, रुंदावणे या अर्थाचा. उच्चारावर जाऊ नका.

साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघावेत, दिसत नसेल तर घरातल्या कोणी बघावेत. चप्पल घालण्याआधी झटकावी. अनवाणी शेतात जाऊ नये. गरम पाण्यात पाय घालण्याआधी दुसऱ्याच्या हाताने पाणी बघावे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्यावी. त्याला मशीन लागत नाही, नायलॉनचा एक बारीक धागा आणि कंपनाचा काटा पुरतो.

ते शेतकरी आता दर महिन्याला येतात. मुलीचे लग्न झाले. परवा मुलगा एका नव्या पेशंटला घेऊन आला. बहिणीचे सासरे. साखर सात वर्षांपासून, तळपायांची आग. मी चिठ्ठी लिहू लागलो तसा मुलगाच त्यांना म्हणाला, "मामा, न्यूरो लिहितील, भ्यायचं नाही."