बुकिंगचा गाळा, बुकिंगचा फ्लॅट : पैसे देण्याआधी हा हिशोब करा



यवतमाळ असो, पुसद असो की वणी, नव्या स्कीमचा फलक एकाच प्रकारचा असतो. खाली गाळे, वर फ्लॅट, आणि "आज बुक करा, भाव वाढणार आहे." नवीन उद्योजकाला वाटतं, भाडं भरण्यापेक्षा स्वतःचा गाळा बरा. विचार चांगला आहे. पण नकाशातल्या गाळ्यात गिऱ्हाईक येत नाही.

उशिराची किंमत

एक उदाहरण घेऊ. ताबा १८ महिने लांबला. सध्याच्या दुकानाचं भाडं ८,००० रुपये, म्हणजे १,४४,००० गेले. बँकेने बिल्डरला तुमच्या नावावर १० लाख दिलेत, व्याज १० टक्के. १८ महिन्यांचं नुसतं व्याज १,५०,००० रुपये. एकूण २,९४,००० रुपये, आणि हातात काहीच नाही. शिवाय एक दिवाळी आणि कापसाचे पैसे बाजारात येतात तो हंगाम हुकला, तो वेगळाच.

कायदा काय देतो?

महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे. फ्लॅटसारखाच गाळाही त्यात येतो.

१. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. साध्या स्टॅम्पवरच्या इसारपावतीवर अर्धे पैसे देऊ नका.

२. विक्री कार्पेट एरियावर होते, म्हणजे आतली वापरायची जागा. "सुपर बिल्टअप ३०० फूट" ऐकून काउंटर आणि रॅकचं माप ठरवू नका.

३. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर दोन रस्ते आहेत. व्याजासह सगळे पैसे परत घ्या, किंवा थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. म्हणून करारात तारीख स्पष्ट हवी. "लवकरच" ही तारीख नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा गाळे-फ्लॅट मिळून ८ पर्यंत असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडे अशा छोट्या स्कीम बऱ्याच असतात. तिथे तपासणी तुम्हालाच करावी लागते.

मंजूर नकाशा बघाच

मुंबईत वरळीला कॅम्पा कोला कंपाउंड आहे. १९८० च्या दशकात तिथे मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. लोकांनी पैसे मोजून घरं घेतली, वर्षानुवर्षे राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले. २०१४ मध्ये वीज, पाणी, गॅस तोडायला महापालिकेचं पथक दारात उभं राहिलं. पैसे खरे होते, नकाशा मंजूर नव्हता.

आपल्या गावात हाच धोका पार्किंगच्या जागेत काढलेल्या गाळ्याला असतो. नगर परिषदेत जाऊन विचारा : मंजूर नकाशात हा गाळा "दुकान" म्हणून दाखवला आहे का? जमीन एनए आहे का? सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचा बोजा आहे का? वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढा. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागा. किल्ली मिळाली म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं होत नाही.

माझा नियम

माल भरायचे पैसे वेगळे, जागेचे पैसे वेगळे. बुकिंगसाठी गल्ल्यातलं खेळतं भांडवल काढावं लागत असेल, तर भाड्याच्या दुकानातच धंदा वाढवा. जागा नंतरही मिळते, तुटलेलं गिऱ्हाईक सहज परत येत नाही.

या आठवड्याचं काम : तुमचं भाडं आणि होणारं व्याज घालून वरचा १८ महिन्यांचा हिशोब वहीत मांडा. तो खर्च सोसूनही दुकानात माल पुरा भरता येत असेल, तरच बुकिंगला जा.