चाकूची परीक्षा



काही वर्षांपूर्वी मी आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन सह्याद्रीतल्या एका गडाच्या पायथ्याशी तीन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. एका मुलाने शहरातून मोठ्या हौसेने चाकू विकत आणला होता. पाठीला करवतीसारखे दाते, पोकळ मूठ, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि आत मासे धरण्याचा गळ! दुसऱ्या दिवशी जळणाची वाळकी फांदी फोडताना पाते मुठीतून निखळले आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटात घुसले. चार टाके पडले. आदल्या रात्री तोच चाकू मी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला होता आणि ‘छान आहे’ असा शेरा दिला होता. तरफेचा नियम वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला ती पोकळ मूठ उघडून आत डोकावून पाहावे असे वाटले नाही, हे मला अजून बोचते.

तेव्हापासून चाकू घेताना काय पाहावे याचा मी थोडा अभ्यास केला. त्याला लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या क्रमिक पुस्तकात आहेच.

उदाहरणासाठी स्वीडनमधला एक स्वस्त चाकू घेऊ. त्या देशाच्या डालार्ना प्रांतात मोरा नावाचे गाव आहे. तेथे चाकू करण्याची परंपरा जुनी असून, आजच्या मोराक्निव्ह कंपनीचे मूळ १८९१ साली निघालेल्या कारखान्यात आहे. त्यांचा ‘कंपॅनियन’ नावाचा चाकू रानात राहण्याची हौस असणाऱ्यांत जगभर प्रसिद्ध आहे. पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब, अडीच मिलिमीटर जाड. मूठ प्लॅस्टिक व रबराची, म्यानही प्लॅस्टिकचे. घडीच्या चाकूला बिजागरी असते व ती बोटावर मिटू शकते. याचे पाते मुठीत पक्के बसवलेले असल्यामुळे तो धोका नाही. तो आपल्याकडे आयात होऊन येतो, त्यामुळे स्वीडनइतका स्वस्त पडत नाही; पण त्याच्यावर शिकलेली परीक्षा तुम्हांला कोणत्याही चाकूवर घेता येईल.

प्रथम धार. चाकू कापतो तो दाबामुळे. आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, तुम्ही २० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतके, दाबत आहात. अंगठ्याच्या एक चौरस सेंटिमीटर भागाने दाबलेत तर दाब वातावरणाच्या दुप्पट होईल. तेच बल धारेच्या २० मिलिमीटर लांबीवर पडले आणि धारेची रुंदी मिलिमीटरचा पाचशेवा भाग असली, तर दाब सुमारे पाच हजार वातावरणे होतो! धार बोथट होऊन तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी झाली की दाब पंचवीस पटींनी उतरतो. मग आपण जोर वाढवतो, चाकू घसरतो आणि हात कापतो. बोथट चाकू धोक्याचा, असे आपल्या आया सांगतात त्याचे कारण हेच.

पण धार किती निमुळती हवी? पाते म्हणजे पाचर. कोन लहान असेल तर पाचर सहज शिरते, पण कड इतकी पातळ होते की गाठीच्या लाकडात ती दुमडते किंवा तिचा टवका उडतो. मोराच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार दिलेला असतो. हा कोन तुम्ही व्हर्निअर कॅलिपरने काढू शकता. पात्याची जाडी मोजा, उताराची उंची मोजा. निम्मी जाडी भागिले उंची, हे निम्म्या कोनाच्या स्पर्शज्येएवढे (टॅन) असते. माझ्याजवळच्या चाकूची जाडी २.५ मिलिमीटर व उताराची उंची सुमारे साडेपाच मिलिमीटर भरली. म्हणजे १.२५ भागिले ५.५, बरोबर ०.२२७. कोष्टकात पाहा : निम्मा कोन जवळजवळ १३ अंश, पूर्ण कोन २५ ते २६ अंश. लाकूड तासायला हा कोन फार चांगला. सपाट उताराचा आणखी एक फायदा म्हणजे धार लावताना तोच उतार निसण्यावर टेकवला की कोन आपोआप राखला जातो. नवशिक्याला याहून सोपे पाते मिळणार नाही.

आता बळकटीकडे वळू. पाते आडवे वाकवायला किती बल लागते ते जाडीच्या घनावर अवलंबून असते. याच चाकूचा ३.२ मिलिमीटर जाडीचा प्रकारही मिळतो. ३.२ भागिले २.५ म्हणजे १.२८, आणि त्याचा घन सुमारे २.१. जाडी पाऊण मिलिमीटरहून कमी वाढली आणि ताठपणा मात्र दुपटीहून अधिक झाला! अर्थात जाड पाचर बटाट्यात शिरताना त्याच्या फोडी फोडत जाते. स्वयंपाकाची सुरी पातळ असते ती उगीच नव्हे.

आमच्या शिबिरात घात केला तो मुठीने. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला आपण शेपटी म्हणू. ती बाहेरून दिसत नाही, म्हणूनच दुकानदाराला ती विचारली पाहिजे. समजा, मुठीच्या तोंडापासून १० सेंटिमीटर दूर, टोकाशी, ५० न्यूटन आडवे बल पडले. शेपटी मुठीत ६ सेंटिमीटर गेली असेल तर आघूर्णांच्या नियमाने तिच्या मागच्या टोकावर ५० × १० ÷ ६, म्हणजे सुमारे ८३ न्यूटन बल येते. आणि मुठीच्या तोंडाशी दोहोंची बेरीज, १३३ न्यूटन. शेपटी ११ सेंटिमीटर असती तर हेच आकडे ४५ आणि ९५ झाले असते. पोकळ मुठीत आखूड शेपटी एखाद्या स्क्रूने अडकवलेली असेल तर काय होईल, त्याचा हिशेब तुम्हीच करा. त्या मुलाच्या चाकूची शेपटी मी नंतर मोजली. ती दोन सेंटिमीटरही नव्हती.

कंपॅनियनची शेपटीही मुठीच्या शेवटपर्यंत जात नाही, हा त्याचा खरा उणेपणा आहे. काड्या तासणे, दोरी कापणे, फळे चिरणे यांना ती पुरते. पण पाठीवर दांडक्याचे घाव घालून जाड ओंडका फोडायचा असेल तर हा चाकू वापरू नये असे माझे मत आहे. पुष्कळ लोक तसे करतात व चाकू टिकतोही. पण ज्याची जामिनकी मी घेऊ शकत नाही ते मी विद्यार्थ्यांना करू देत नाही. त्या कामाला आपल्या कोकणातल्या माणसाच्या कमरेच्या आकडीला असतो तो कोयता शंभर पटींनी बरा. त्याचे वजन पुढे असते आणि घावाची ऊर्जा तेथूनच येते.

पोलादाबद्दल थोडे. कार्बन वाढवून व पाणी देऊन पोलाद कठीण होते, पण फार कठीण पोलाद ठिसूळ बनते. म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवून चिवट करतो. काठिण्य मोजण्याच्या रॉकवेल ‘सी’ मापावर असे चाकू साधारण ५६ ते ५८ च्या आसपास असतात. आपण घरी कानस वापरावी. पाठीवर, मुठीजवळ, हलकेच फिरवावी. ती लोण्यासारखी चावत गेली तर पाते मऊ समजावे. गंजाची परीक्षा लिंबाने होते : कार्बन पोलादावर लिंबाचा थेंब थोडा वेळ ठेवला की काळसर डाग उमटतो, स्टेनलेस पोलादावर सहसा नाही. स्टेनलेसमध्ये १२-१३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते व त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पात्याचे रक्षण करतो. आपल्या पावसाळ्यात व खाऱ्या वाऱ्यात मी स्टेनलेसच घेईन. कार्बन पोलादाला धार लावणे सोपे, हे खरे. पण ते रोज पुसून तेल लावणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे!

जाता जाता एक गंमत. चाकूच्या पाठीने खरवडून ठिणग्या पाडायची जी कांडी मिळते, ती लोखंड व सिरियम यांच्या मिश्रधातूची असते. १९०३ साली ती शोधणारे ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हेच बत्तीच्या मेंटलचेही जनक! येथे जळतो तो कांडीचा कीस, पाते नव्हे. म्हणून पाते स्टेनलेस असले तरी चालते, फक्त पाठीची कड काटकोनी हवी. कंपॅनियनची तशी नसते. ती कानशीने करून घ्यावी लागते.

शेवटी शाळेत करण्याजोगा प्रयोग. शिक्षकांना जवळ बसवूनच करा. लाकडाच्या तुकड्यात दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये शिवणाचा दोरा ताणून बांधा व तो तुकडा स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवा. पात्याने दोरा सरळ खाली दाबा. तो तुटतो त्या क्षणी काटा किती ग्रॅम दाखवतो ते दुसऱ्याने वाचावे. पाच वेळा करून सरासरी घ्या. मग त्याच धारेने काथ्याची दोरी वीस वेळा कापा आणि दोऱ्याचा प्रयोग पुन्हा करा. असे शंभर कापांपर्यंत चालू द्या. आडव्या अक्षावर काप, उभ्या अक्षावर ग्रॅम घेऊन आलेख काढा. शक्य असेल तर गावच्या लोहाराने मालमोटारीच्या पाट्यापासून केलेली सुरी आणि बाजारातली एक सुरी, दोहोंचे आलेख एकाच कागदावर काढा, आणि प्रत्येकीची किंमत शेजारी लिहा.