सोन्या बोक्याचा मधुमेह

या धड्यात एका मांजराची हकीकत सांगतो. तुम्ही म्हणाल, “गुरुजी, गाय-बैल सोडून मांजराचा धडा कशाला?” शेवटपर्यंत वाचा. आकडा न वाचल्यामुळे एका मुक्या जिवावर काय प्रसंग आला, ते त्यात आहे. आणि आकडा न वाचणारा माणूस अडाणी नव्हता. तो मीच होतो.

आमच्या घरी सोन्या नावाचा बोका आहे. वय अकरा वर्षे. दूध-भाकरी खावी, चुलीजवळ झोपावे, असा त्याचा सुखाचा संसार. अंगाने चांगला गुबगुबीत होता. वजन साडेपाच किलो.

एका उन्हाळ्यात तो फार पाणी पिऊ लागला. वाटी भरून ठेवावी, तर तासाभरात रिकामी. आम्ही म्हटले, ऊन आहे. पावसाळा आला तरी तेच. लघवी वारंवार होऊ लागली आणि तिथे मुंग्या जमू लागल्या. खाणे वाढले, पण अंग मात्र झडत चालले. वजन चार किलोवर आले. पुढे त्याचे मागले पाय लुळे पडू लागले. मांजर बोटांवर चालते. हा टाच टेकून चालू लागला. उडी मारता येईना.

शेजारच्या आजी म्हणाल्या, “म्हातारा झाला. आता असाच जायचा.” पण आमच्या मंडळींना ते पटेना. त्या म्हणाल्या, “अहो, तहान आणि मुंग्या! माझ्या वडिलांना असेच झाले होते. याला डॉक्टरकडे न्या.” मी टोपलीत घालून त्याला तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले.

रोग कोणता?

डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर ४२० निघाली. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. पण घाबरलेल्या मांजराचीही साखर चढते. म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मागच्या काही दिवसांची साखर दाखवणारी दुसरी एक तपासणीही केली. मग म्हणाले, “गुरुजी, बोक्याला मधुमेह आहे.”

मधुमेह म्हणजे काय? आपण खातो त्या अन्नाची पोटात साखर बनते. ती रक्तातून सगळ्या अंगाला पोचते. पण अंगाच्या घरात शिरायला तिला किल्ली लागते. त्या किल्लीचे नाव इन्सुलिन. पोटातील स्वादुपिंड ही किल्ली तयार करते. किल्ली कमी पडली किंवा कुलपाला नीट लागेनाशी झाली, की साखर दाराबाहेर रक्तातच साठते. घरात उपास आणि दारात धान्याची रास! म्हणून खाऊनही अंग झडते. जास्तीची साखर लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून तहान लागते. गोड लघवीला मुंग्या लागतात, हे आपले जुने वैद्यही जाणत होते.

हा रोग लागट नाही. मांजरापासून तो माणसाला होत नाही. वयस्क, लठ्ठ, घरात बसून राहणाऱ्या मांजरांना तो अधिक होतो. बोकेही त्यात जास्त सापडतात.

औषध कोणते?

मुख्य औषध इन्सुलिन. कॅनडातील टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी १९२१ साली कुत्र्यांवर प्रयोग करून ते शोधले. जानेवारी १९२२ मध्ये ते लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचले आणि तो वाचला. पुढे साठ वर्षे हे औषध मुख्यतः गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढत. जनावरांनी माणसाला जगवले. तेव्हा माणसाने एका मांजरासाठी थोडी खटपट केली, तर ती उपकाराची फेडच समजावी.

डॉक्टरांनी नेमून दिले: सकाळी सातला दोन युनिट, संध्याकाळी सातला दोन युनिट. युनिट म्हणजे इन्सुलिनचे माप. हा आकडा सोन्याचा. दुसऱ्या मांजराचा निराळा असेल. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला मनाने देऊ नयेत.

टोचणे अवघड नाही. मांजर खात असताना त्याच्या कुशीवरची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलावी. तंबूच्या तळाशी सुई सरकवावी आणि दट्ट्या हळूच दाबावा. सुई बारीक असते. सोन्या ताटलीतून मानही वर करत नाही. रोज जागा थोडी बदलावी.

बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले औषध फुकट गेले. वीज नसेल तर बाटली झाकणाच्या डबीत घालून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. बाटली जोराने हलवू नये. फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

आहार

सोन्याची दूध-भाकरी बंद झाली. भात, बिस्कीट, गूळ बंद. मांजर मूळचे मांस खाणारे. आता त्याला उकडलेले कोंबडीचे मांस, मासे, अंडे मिळते. त्यात कांदा-लसूण घालायचा नाही. तो मांजराला विषारी. नुसत्या मांसानेही सगळे पोषण होत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले ओले तयार खाणेही देतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. आहार बदलला की साखर उतरते आणि इन्सुलिन कमी लागते. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून आहार एकदम बदलू नये. पाणी मात्र कधीही तोडू नये.

माझी चूक

आता तो प्रसंग. डॉक्टरांनी दिलेल्या सुया संपल्या. मी बाजारच्या गावी एका दुकानात गेलो. म्हटले, “इन्सुलिनच्या सुया द्या.” दुकानदाराने पुडके दिले. मी पैसे दिले आणि घरी आलो. आधीच्या सुयांची टोपी नारिंगी होती, यांची लाल. मी म्हटले, रंगाचे काय एवढे!

दुसऱ्या दिवशी सातला नेहमीप्रमाणे दोन रेघा औषध भरले आणि टोचले. दुपारी सोन्या झिंगल्यासारखा चालू लागला. मान लटपटू लागली, अंग थरथरू लागले. मग तो आडवाच झाला.

आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी येतात. वय पन्नाशीचे. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात अक्षर शिकल्या. आता दिसेल तो कागद वाचतात. फळीवरची बाटली आणि सुई त्यांनी हातात घेतली. म्हणाल्या, “गुरुजी, बाटलीवर शंभर लिवलंय अन् सुईवर चाळीस. हे कसं काय?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. छत्तीस वर्षे मी मुलांना त्रैराशिक शिकवले होते!

हिशेब असा. माझ्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० युनिट औषध होते. माझ्या आधीच्या १०० च्या सुईवर एका मिलिलिटरच्या १०० रेघा होत्या. म्हणजे एक रेघ, एक युनिट. पण ४० च्या सुईवर तेवढ्याच औषधाच्या ४० रेघा. १०० भागिले ४० म्हणजे अडीच. एका रेघेत अडीच युनिट! दोन रेघांत दोनाऐवजी पाच युनिट गेले. रक्तातली साखर भराभर उतरली. उलट ४० ची बाटली आणि १०० ची सुई घेतली असती, तर औषध निम्म्याहून कमी पडले असते.

मंडळींनी साखरेचे दाट पाणी केले. बोटाने ते सोन्याच्या हिरड्यांना चोळले. तोंडात ओतले नाही. बेशुद्ध जनावराच्या तोंडात ओतले तर ते फुप्फुसात जाते. तसेच उठून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शिरेतून साखर दिली आणि रात्रभर ठेवून घेतले. सकाळी सोन्याने डोळे उघडून “म्याव” केले, तेव्हा आमच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला.

चूक दुकानदाराची म्हणाल, तर थोडी असेल. वाचायचे काम माझे होते.

ध्यानात ठेवा

१. बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच पाहिजे. रंगावर भरवसा नको, आकडा वाचा. हे माणसाच्या इन्सुलिनलाही तितकेच लागू आहे.

२. मांजर खात नसेल किंवा ओकत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग टोचा. ते मलूल पडून खाणेच सोडील, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

३. टोचताना औषध सांडले, किंवा दिले की नाही हे आठवेना, तर पुन्हा टोचू नका. एक वेळ चुकली तर फारसे बिघडत नाही. दुप्पट झाले तर जीव जातो.

४. वही ठेवा. तारीख, वेळ, खाणे, औषधाच्या रेघा, पाणी आणि आठवड्याचे वजन लिहा.

५. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात टाका. उकिरड्यावर नको. तिथे पोरे खेळतात.

आमच्या वहीचे काम आता मावशींकडे आहे. टोचण्याआधी त्या दोन्ही आकडे मोठ्याने वाचतात. मगच मी सुई भरतो. सोन्याचे वजन पाच किलोवर आले आहे. मागले पाय सुधारले. औषध दोनावरून एका युनिटावर आले. लवकर उपचार झाले तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे थांबवताही येते, असे डॉक्टर म्हणतात. सोन्याचे थांबेल तेव्हा थांबेल. परवा तो पुन्हा उडी मारून फळीवर बसला.

प्रश्न

१. सोन्याला कोणता रोग झाला? त्याची लक्षणे सांगा.
२. मावशींनी कोणते दोन आकडे वाचले?
३. १०० च्या बाटलीतील औषध ४० च्या सुईत तीन रेघा भरले, तर किती युनिट होईल?
४. तुमच्या घरातील एखाद्या औषधाच्या बाटलीवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा.