एक गाव, दोन राज्यं

प्रश्न : जर्मनीचं एकीकरण होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथलं एक खेडं अजून दोन भागांत वाटलेलं आहे म्हणे. हे खरं का? आणि खरं असेल, तर ते एक का करत नाहीत?

उत्तर : खरं आहे. गावाचं नाव म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. मधून तानबाख नावाचा ओढा वाहतो, सहज ओलांडता येईल एवढाच. अलीकडचा भाग बव्हेरिया या राज्यात, पलीकडचा थुरिंगियात.

ही फाळणी शीतयुद्धाची, असा आपला समज होतो. पण सीमा त्याहून जुनी आहे. १८१० मध्ये ओढ्याकाठी दगड रोवले गेले : एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइस हे छोटं संस्थान. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. शाळा आणि खानावळ रॉइसच्या, म्हणजे आताच्या थुरिंगियाच्या बाजूला, चर्चसाठी मात्र सगळे शेजारच्या बव्हेरियातल्या ट्योपेनला जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रेघ अमेरिकी आणि सोव्हिएत ताब्यातल्या प्रदेशांची हद्द ठरली, आणि १९४९ पासून दोन देशांची. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने लाकडी कुंपण घातलं, १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभारली. पूर्वेकडच्यांना पलीकडच्या नातलगांना नुसता हात करायचीही बंदी होती. अमेरिकी सैनिक गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणत.

९ डिसेंबर १९८९ ला पायी ये-जा सुरू झाली. पुढच्या जूनमध्ये भिंत पाडली. तिचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे.

भिंत गेली, राज्यांची हद्द राहिली. त्यामुळे आजही दोन्ही भागांचे पिन कोड आणि गाड्यांच्या पाट्या वेगळ्या : अलीकडे ‘एचओ’, पलीकडे ‘एसओके’. कारभारही वेगळा, अर्धं गाव ट्योपेनच्या ग्रामपंचायतीत, अर्धं गेफेलच्या नगरपालिकेत. ३१ ऑक्टोबरला, धर्मसुधारणा दिनाची, थुरिंगियात सुट्टी असते, बव्हेरियात नसते. दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाला नेमकं उलट.

मग एक का करत नाहीत? राज्यांनी आपसात करार केला, तर एवढीशी हद्द हलवता येते; घटनेत तशी सोय आहे. पण राज्याची हद्द कुणाला अडवत नाही. अडवत होती ती भिंत.