न जमलेल्या दुरुस्त्यांची वही

मनू, सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी दुरुस्तीचा कट्टा भरवायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. आता टेबलं किती आणि चहा कोणाकडून, याच्याही आधी एक जाडजूड वही आण. जी वस्तू दुरुस्त झाली तिला त्यात एक ओळ पुरे. जी झाली नाही तिला अर्धं पान दे. कंपनी, मॉडेल, खरेदीचं साल, बिघाड काय, आणि काम नेमकं कुठं अडलं? स्क्रूच नव्हते, सगळं गोंदाने चिकटवलेलं होतं? सुटा भाग बाजारात मिळेना? मिळाला, पण किंमत नव्या वस्तूच्या निम्मी? की भाग बसवूनही आतल्या सॉफ्टवेअरने तो मान्य केला नाही? हे सगळं त्याच दिवशी लिहायचं, आठवणीवर सोडायचं नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी उद्या कोणाच्याही दारात गेलीस तरी तिथं भाषणापेक्षा ही पानं जास्त बोलतील.

ही कट्ट्याची कल्पना अ‍ॅमस्टरडॅमची. मार्टिन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी 2009 च्या ऑक्टोबरात तिथं पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि पुढे तो देशोदेशी गेला. त्यांचा एक नियम मला फार पटतो. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, मालकाने कारागिराशेजारी बसायचं. तूही तेच कर. मिक्सर बंद पडला की खालचं लाल बटण दाबून बघायचं असतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली वहिनी पुन्हा त्यासाठी कोणाकडे जाणार नाही. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलाय. पंखा हळू फिरतो किंवा काठीने ढकलल्यावर सुरू होतो, तर आधी कंडेन्सर बघायचा. त्यावर छापलेला आकडा वाचून तेवढ्याचाच आणायचा. घरातल्या पंख्यांना बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा लागतो. एवढ्याशा भागासाठी लोक अख्खा पंखा भंगारात देतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो, प्रत्येक टप्प्याला एक. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये. डिसमिस मापाचा घ्या, कारण लहान डिसमिसने स्क्रूचं डोकं झिजलं की पुढचा कारागीर तुम्हालाच शिव्या घालतो. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा, कचऱ्यात टाकायचा नाही.

आता जिवाचं बोलतो, हे नीट ऐक. आयटीआयत वायरिंग शिकवताना मी पोरांना सिरीज बोर्डाशिवाय एकही वस्तू थेट प्लगला लावू दिली नाही, तुम्हीही लावू नका. एका होल्डरमधला शंभर वॉटचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकाच मार्गात जोडायची. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट असण्याची दाट शंका धरायची. मंद पेटला तर करंट आतून जातोय, तपासणी पुढे न्यायची. पेटलाच नाही तर कुठंतरी तार तुटली असण्याची शक्यता धरायची. तिथं एलईडी चालत नाही, जुना तारेचाच बल्ब लागतो. इस्त्री किंवा गीझर बंद केल्यावर, परत देण्याआधी, प्लगच्या मोठ्या पिनेपासून धातूच्या अंगापर्यंत अर्थिंग जुळलंय का, हे मल्टिमीटरने बघायचं. ते जुळलं नसेल तर वस्तू चालत असली तरी परत द्यायची नाही.

मायक्रोवेव्ह कट्ट्यावर घ्यायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, वेगळी ठेवायची. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा नवा घ्यायचा, त्याला डाग देऊन भोक बुजवणाऱ्याला हॉलबाहेर काढ, मग तो कितीही मोठा असो.

दुसरी काळजी माणसांची. कोपऱ्यावर रिवाइंडिंग करणारे दादा, मोबाइलवाला मुलगा, चपला शिवणारे काका यांच्या पोटावर पाय येईल असं काही करू नका. मोटर जळाली असेल तर ती कट्ट्यावर फुकट गुंडाळायची नाही, दादांकडे पाठवायची आणि त्यांचं नाव-नंबर भिंतीवर लावायचा. त्यांना कट्ट्यावर बोलवा, पण मजुरी देऊन. दुरुस्तीच्या हक्काच्या लढाईत ते तुमच्या बाजूला हवेत. सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे कंपन्या अधिकृत केंद्रांपुरते ठेवतात तेव्हा पहिला मार त्यांनाच बसतो.

कंपन्यांची ही भिंत फोडता येत नाही असं कोणी म्हणालं तर मोटारींचं प्रकरण सांग. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे ते अपिलात गेलं, ते वेगळं. पण आयोगाने तेव्हाच बजावलं की ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालता येणार नाही. प्रकरण मोटारींचं होतं, म्हणून तुमच्या टीव्हीच्या भांडणात तो निकाल जशाचा तसा लागू आहे असं कोणाला सांगू नकोस. उदाहरण म्हणून मात्र जरूर दाखव. आणि कट्ट्यावर वॉरंटीतली वस्तू उघडू नका, ती आधी कंपनीच्याच केंद्रात जाऊ द्या.

तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, जॉब शीट घेतल्याशिवाय उठायचं नाही. ‘पार्ट येत नाही, नवीनच घ्या’ हे तोंडी ऐकून परतलं की हातात काही राहत नाही. तेच वाक्य लेखी मागायचं. देत नसतील तर काउंटरवरूनच ई-मेल पाठवून ठेवायचा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तिथं निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची असते. ती संपण्याची तारीखही वहीत टाक.

सरकारदरबारी वारं सध्या अनुकूल आहे, म्हणून आत्ताच जोर लावा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्यापुढे होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी मॅन्युअल, सुटे भाग, वॉरंटीची माहिती तिथं द्यावी अशी कल्पना. तुमच्या वहीतल्या प्रत्येक मॉडेलची माहिती तिथं आहे का, हे बसून तपासा. नसेल तर तीच तुमची पहिली तक्रार. फ्रान्समध्ये 2021 पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे 10 पैकी गुण छापावे लागले. आपल्याकडेही अशा निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने 2025 मध्ये अहवाल दिला आहे. दुकानात किमतीशेजारी हे गुण दिसले पाहिजेत, अशी मागणी करा.

एकट्याने करू नका. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून घराघरांतल्या ग्राहकांचे संघ बांधले, म्हणून तिच्या शब्दाला वजन आलं. तुमच्या भागातल्या अशाच संघटनेकडे वर्षभराची पानं घेऊन जा. निवेदनात ‘कंपन्या लुटतात’ असं लिहू नकोस. अमुक मॉडेल, अमुक वर्षी घेतलं, बॅटरी बदलून मिळाली नाही, अशी इतकी घरं, एवढंच लिही. जोडीला जॉब शीटच्या प्रती लाव. आणि पहिल्या बैठकीला रिवाइंडिंगवाल्या दादांना बरोबर ने. पार्ट अडवला की त्यांच्या दुकानात काय होतं ते त्यांनाच सांगू दे. त्या दिवसाची त्यांची बुडणारी मजुरी मात्र वर्गणीतून आधीच काढून ठेवा.