पातं, मूठ आणि तेलाचं बोट

घर आता तुझ्या हाती येतंय, तेव्हा स्वयंपाकघरातली विळी आणि पडवीतला कोयता यांच्याबद्दल तुझी आत्या काय सांगते ते नीट ऐकून ठेव. तू आणलेला मिटणारा चाकू प्रवासात सफरचंद कापायला चांगला आहे. वाडीत आणि चुलीपाशी मात्र एकसंध पात्याचंच हत्यार हवं. मिटणाऱ्या पात्याला खिळा आला, खाच आली. त्या खाचेत फणसाचा चीक, माती, खोबऱ्याचा कीस जाऊन बसतो आणि नेमकं जोर लावायच्या वेळी पातं खिळ्यापाशी डुगडुगतं. घडीच्या विळीचंही कालांतराने तेच होतं. कोयत्यात हलणारं काही नाही. बिघडलं तर डोळ्यांना दिसतं, आणि बहुतेक वेळा आपल्याच हाताने नीट होतं.

नवा घ्यायचा झाला तर आधी मूठ बघ. पात्याचा मागचा दांडा मुठीत खोल गेलेला हवा आणि मुठीच्या तोंडाशी शेंबी घट्ट बसलेली हवी, म्हणजे लाकूड चिरत नाही. मूठ हलायला लागली की लोक कोयता पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, मूठ दोन दिवस घट्ट वाटते, सुकली की पुन्हा ढिली. शिवाय आतला दांडा गंजतो. त्यापेक्षा मूठ काढून भोकात लाखेचा चुरा भर, दांडा तापवून आत दाब आणि निवेपर्यंत हात लावू नकोस.

पातं लोहाराकडचं घे. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्यांचं पोलाद कोयत्याला फार चांगलं. लोहार ते लाल करून पाणी देतो, त्याने कडकपणा येतो. मग थोडं पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. ही सगळी मेहनत विजेवरच्या चाकावर क्षणात वाया जाऊ शकते. धारवाल्याने पातं चाकावर दाबून धरलं आणि कडेला निळा डाग उमटला, तर तिथलं पाणी उतरलं असं समज. तेवढा भाग मऊ पडतो आणि धार टिकत नाही. म्हणून धार घरीच दगडावर लाव, पाणी शिंपडत, घाई न करता. स्वयंपाकाच्या सुरीला दगडाशी साधारण 20 अंशांचा कोन पुरे. कोयत्याला जास्त उभा धर, कारण त्याला फांद्या तोडायच्या असतात, फार पातळ कड त्यावर दुमडते. एका बाजूने घासत राहा. पलीकडच्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला जाणवली की बाजू बदल. धार लागली का हे अंगठ्यावर बघू नकोस, टोमॅटोच्या सालीवर बघ. दगड हाताशी नसेल तर लोणच्याच्या बरणीच्या बुडाची चकाकी नसलेली कड वेळ निभावून नेते.

फणस फोडताना आधी हाताला आणि पात्याला खोबरेल लाव. चीक पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटतो. मधली पाव काढून झाली की तेलाच्या फडक्यानेच पातं पुस, मग राखेने घास, धू आणि लगेच कोरडं कर. आपली पाती साध्या पोलादाची आहेत. कैरी, केळफूल, आवळा कापला की ती काळी पडतात. तो काळा रंग घासून काढायच्या मागे लागू नकोस, तो थोडंफार रक्षणच करतो. लाल दिसला तर मात्र गंज आहे. लगेच चिंच चोळ, धू, पुस आणि तेलाचं बोट फिरव. केळफूल चिरशील ते ताकाच्या पाण्यात टाक, भाजी काळी होणार नाही.

विळीवरून उठायचं झालं की ती आडवी कर, पातं भिंतीकडे. घरात रांगतं मूल असो वा नसो, ही सवय सुटता कामा नये. वाडीत जाताना कोयता कमरेच्या आकडीत अडकव, हातात घेऊन बांध उतरू नकोस. हातातून पातं निसटलं तर धरायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचा. दुसऱ्याला द्यायचं तर खाली ठेव, त्याला उचलू दे.

खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजेसाठी बाहेर निघतातच, त्याच दिवशी मुठी आणि शेंब्या तपासून घे.

मृगाच्या आधी, पाऊस लागायच्या बेतात असताना, जी हत्यारं चार महिने लागणार नाहीत त्यांना एरंडेल लावून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळ आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेव. चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल धरून ठेवतं. गवत कापायची विळी आणि रोजचा कोयता मात्र खुंटीवरच राहू दे, ते पावसातही रोज लागतील.