कोंबड्या ठणठणीत, मग टर्कीच का दगावल्या?

प्रश्न : आमच्या परड्यात पंधरा-वीस गावठी कोंबड्या आहेत. मुलाने हौसेने टर्कीची पाच पिल्ले आणली. दिवसा कोंबड्यांबरोबर चरायची, रात्री त्याच खुराड्यात. मेपर्यंत छान वाढली. ऑगस्टमध्ये मात्र आठ-दहा दिवसांत चार मेली. पंख गळायचे, एका कोपऱ्यात मान आत घेऊन बसायची, विष्ठा हळदीसारखी पिवळी. कोंबड्यांना काहीही झाले नाही. शेजारी म्हणतात, हा थंड देशातला पक्षी, त्याला कोकणची दमट हवा मानवायची नाही. खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेजाऱ्यांचा तर्क ऐकायला पटतो, पण तो चूक आहे. टर्की मूळची मेक्सिकोकडची, म्हणजे उन्हाची सवय असलेली. आपल्याइतक्याच दमट केरळात कोल्लमजवळच्या कुरीपुळा येथे सरकारी टर्की फार्म आहे. चेन्नईच्या नंदनम येथील कुक्कुट संशोधन केंद्राने तर ‘नंदनम टर्की’ नावाचे वाण तयार केले. चेन्नईला थंड हवेचे ठिकाण कोणी म्हणेल असे वाटत नाही.

आणि हा पक्षी आपल्या शेजारात आजचा आलेला नाही. जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने १६१२ मध्ये गोव्याहून त्याला जी नवलाईची जनावरे आणून दिली, त्यांत टर्की होती. तिच्या डोक्यामानेचे बदलते रंग पाहून बादशहा इतका चकित झाला की त्याने तिचे चित्र काढवून घेतले. चित्रकार मन्सूरचे ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात. आपण पेरू खातो तो वेगळा, एवढे मुलांना सांगून ठेवा.

तेव्हा हवा निर्दोष सुटली. आता मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय घेऊ. मानमोडी आली असती तर कोंबड्यांनीही माना टाकल्या असत्या. तुमच्या कोंबड्या दाणे टिपत फिरताहेत. म्हणजे रोग असा हवा, जो टर्कीला मारतो आणि कोंबडीला सहसा धक्काही लावत नाही. त्यात गंधकासारखी पिवळी विष्ठा आणि गळालेले पंख. या सगळ्या खुणा ‘ब्लॅकहेड’ या रोगाकडे बोट दाखवतात. नाव फसवे आहे. डोके काळे पडतेच असे नाही. रोगाचे खरे घर आतड्यात आणि यकृतात असते.

रोग करणारा जीव एकपेशीय. थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो १८९५ मध्ये ओळखला. पण कोडे तिथे सुटले नाही, कारण हा जीव उघड्यावर फार टिकत नाही; विष्ठेतून बाहेर पडला की काही तासांतच मरतो. मग महिनोन् महिने रिकाम्या राहिलेल्या वाड्यात सोडलेल्या टर्कींना तो गाठतो कसा? उत्तर १९२० मध्ये मिळाले. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक पांढरा जंत राहतो. हा एकपेशीय जीव त्या जंताच्या अंड्यात शिरून बसतो. अंड्याचे कवच चिवट. ओलसर, सावलीच्या मातीत ते दोन-तीन वर्षे सहज टिकते, आणि आत बसलेला पाहुणाही.

इथवर कोंबडी आली, जंत आला. आता तुमच्या परड्यातला तिसरा गडी : गांडूळ, आपल्याकडचा काडू. माती खाताना तो ही अंडी गिळतो. ती त्याच्या अंगात फुटतात आणि जंताची पिल्ले तिथेच वाट पाहत राहतात. एकेका गांडुळात अशी बरीच साठतात. मे महिन्यात आपला जांभा तापून लाल होतो, काडू खोल जातात. जूनच्या सरी आल्या की आगरात, नारळाच्या आळ्यात, शेणखताच्या ढिगाशी ते वर येतात. टर्कीला काडू म्हणजे पक्वान्न. उन्हाळाभर तगलेली पिल्ले ऑगस्टमध्ये मेली त्याचे कारण हे. शेजाऱ्यांनी पावसावर संशय घेतला तो अगदीच वाया गेला म्हणता येणार नाही. फक्त पाऊस थेट मारत नाही, तो वाटाड्याचे काम करतो.

कोंबडीने तोच काडू खाल्ला तरी तिला का काही होत नाही? तिच्या आतड्यात जंत वाढतो, एकपेशीय जीवही राहतो, पण बहुधा आतड्याची थोडी सूज होऊन प्रकरण मिटते. टर्कीत तो जीव आतड्याची भिंत पोखरून रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथे बशीसारखे खोलगट डाग पाडतो. एकदा का एक टर्की आजारी पडली की कळपातल्या कळपात लागण जंताशिवायही होते, म्हणून मरतात त्या एकापाठोपाठ. कोंबडी लबाडी करत नाही हो, पण तिचे निरोगी दिसणे हेच इथे फसवते. खात्री करायची तर पुढच्या वेळी मेलेला पक्षी पुरून टाकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. यकृत उघडले की डॉक्टरांना बहुधा लगेच कळते.

‘औषध काय?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. यावर बाजारात लस नाही, आणि रोग दिसू लागल्यावर हमखास गुण येईल असे औषधही नाही. कोंबड्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळोवेळी जंताचे औषध दिले तर अंड्यांचा पुरवठा कमी होतो, पण मातीत पडलेली अंडी त्याने जात नाहीत. त्यामुळे उपाय मातीपासून तोडण्याचाच. बांबूच्या पट्ट्यांचे किंवा जाळीचे, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच मचाण करा. विष्ठा खाली पडली पाहिजे आणि टर्कीचे पाय मातीला लागता कामा नयेत. वर पन्हळीचे छप्पर. कोंबड्यांच्या वाड्यात घातलेल्या चपला तिथे नेऊ नका. चिखलाबरोबर सगळे वऱ्हाड पोचते.

खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी रवणीला बसवण्याची हौस अनेकांना असते. अंडी फुटतात, कोंबडीच्या २१ दिवसांऐवजी २८ दिवस लागतात आणि ती बिचारी हूं की चूं न करता बसते. पण पुढे तीच पिल्लांना अंगणात नेऊन माती उकरायला शिकवते. त्यापेक्षा दिव्याच्या उबेत वाढवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. टर्कीच्या पिल्लाला दाणा-पाणी पटकन ओळखता येत नाही, भरल्या ताटावर उपाशी मरते. ताटलीत रंगीत गोट्या ठेवा, त्यावर चोच मारता मारता ते खायला शिकते. खाद्यात प्रथिने २८ टक्क्यांच्या घरात लागतात. गावठी पिल्लाच्या कण्या-कोंड्यावर त्याचे भागत नाही.

तुमची उरलेली एक टर्की आज संध्याकाळपासूनच कोंबड्यांच्या खुराड्यातून बाहेर काढा आणि मचाणावर ठेवा. टर्की एकटी रमत नाही, तेव्हा तिला सोबत आणावी लागेल. पण ही एक निरोगी असल्याचे डॉक्टरांकडून कळल्यावरच. आणि परड्याच्या त्या मातीत टर्की परत सोडायची असेल, तर आधी किमान तीन-चार वर्षे तिथे एकही कोंबडी फिरता कामा नये.